तीन खाचांचं पाखरू

वापरता येणार नाही अशी वस्तू चोरणाऱ्याला मूर्ख म्हणायचं की लबाड? थोरली दोन्ही होती, आणि तेही आयुष्यात एकदाच. एरवी बाई सरळ. चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. कुत्र्याचे पाय मांजराला लावलेली डॉक्टरांची अक्षरं वाचली, मलमं घोटली, पुड्या बांधल्या, आणि कुणाच्या पुडीत चिमूटभर कमी-जास्त कधी गेलं नाही. गल्लीत तिला अजून औषधवालीच म्हणतात. घरात मात्र ती थोरली, कारण दोन भावांच्या दोन बायका आणि त्यातली ती थोरल्याची. दुसरी धाकटी. सुनांना नावानं हाक मारायचे कष्ट सासूबाईंनी कधी घेतले नाहीत.

सासरे पत्र्याचं काम करत. नरसाळी, मापं, कंदील, पन्हळी. थोरली लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी उरलेल्या पट्ट्या वाकवून नाताळच्या बिस्किटांचे आठ साचे केले: चांदणी, घंटा, झाड, मेंढी, मेणबत्ती, घर, देवदूत आणि पाखरू. देवदूत हुबेहूब उघडलेल्या छत्रीसारखा झाला होता, पण तसं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाखरू मात्र असं साधलं होतं की बास. मुठीत मावेल एवढं, मान जराशी वळलेली, आणि शेपटीला तीन खाचा.

त्या खाचांत पीठ अडकायचं. साचा उचलला की पाखरू पोळपाटावर आणि शेपूट साच्यात. सासूबाईंनी दोन वर्षं प्रयत्न करून हात टेकले. थोरलीनं एक दुपार घालवून त्यावर उपाय काढला. गोळा कागदावर लाटायचा, कागदासकट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, साचा कोरड्या मैद्यात बुडवायचा, दाबायचा, आणि मग मलम घोटायची सपाट सुरी शेपटीच्या बाजूनं, चोचीच्या नव्हे, अलगद खाली सरकवायची. सुरी तिनं दुकानातून आणली होती. सासऱ्यांनी ते अख्खं पाखरू तळहातावर घेतलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "या घरात शेपूट न मोडता काढणारी ही एकटी."

पुढे धाकटी आली. तिला दोन मुलं झाली, आधी मुलगा, मग मुलगी. थोरलीला झालं नाही. त्याबद्दल त्या घरात कुणी वावगं बोललं नाही हे खरं, पण न बोललेलंही माणसाला ऐकू येतंच. कौतुकाचे सगळे शब्द हळूहळू धाकटीच्या खोलीत मुक्कामाला गेले. वर्षातून एकदा, डिसेंबरात, शेपूट न मोडता काढणारी एकटी, एवढं थोरलीकडे उरलं.

डब्यांची पद्धत सासूबाईंची. अकरा घरांना अकरा डबे जायचे आणि प्रत्येकात आठही आकार असायलाच हवेत. लोकही असे की डबा उघडल्यावर आधी मोजणार. आमच्यात मेंढी नाही, असा निरोप एका वर्षी सासूबाईंच्या बहिणीनं, म्हणजे मावशींनी, पाठवला होता. तेव्हा सासूबाईंनी एक मेंढी पुडीत बांधून थोरल्या मुलाबरोबर सायकलवरून धाडली होती.

सासरे गेले, आणि वर्षभरात धाकट्या भावानं शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. भांडण वगैरे काही नाही, जागा पुरेना एवढंच. स्वयंपाकघराची वाटणी करायची ठरली. सासूबाईंचा नियम होता, एक वस्तू धाकटीनं उचलायची, एक थोरलीनं. पहिली पाळी धाकटीची, कारण ती घर सोडून जाणार.

थोरलीनं मनात हिशेब केला. साच्यांची पाळी आली की धाकटी पहिल्यांदा काय उचलणार? पाखरूच. कुणीही तेच उचललं असतं. आणि नेऊन करणार काय? शेपट्या मोडणार. वाटणीच्या दोन दिवस आधी थोरलीनं पाखरू बटरपेपरमध्ये गुंडाळलं, औषधाची पुडी बांधतात तशी चारी टोकं आत दुमडली, आणि दुकानातून निवृत्त झालेल्या जुन्या वजनांच्या लाकडी पेटीत ठेवलं. पेटी फळीवर. अख्ख्या घरात त्या पेटीला हात लावायचं कुणाला कारण नव्हतं.

वाटणीच्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या. पातेली झाली, झारे-डाव झाले, बरण्या झाल्या. मग साच्यांची पिशवी उपडी केली. सात निघाले.

"पाखरू कुठाय?"

पिशवी झटकली. टोपल्या उलथल्या. धाकटा भाऊ दारातून म्हणाला, "आई, पत्र्याचा तुकडा तो. बाजारातून दुसरा आणतो मी."

"बापही आण मग बाजारातून," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी कुणाच्या हातात होते साचे?"

इथे थोरलीनं तोंड उघडलं नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण गप्प बसलं की संशय येतो असं तिला वाटलं. दुकानात उलट घडायचं, बडबड करणाऱ्याचीच चिठ्ठी ती दोनदा तपासायची. हे ती त्या क्षणी विसरली.

"परवा अंगणात ही खेळत होती ना," ती म्हणाली.

वाक्य खरं होतं. धाकटीची पोरगी, पाच वर्षांची, परवा वाळूत साचे दाबून बिस्किटं करत बसली होती. सगळ्यांच्या माना पोरीकडे वळल्या.

"मी दिले काकूला," पोरगी म्हणाली. "सगळे दिले."

तेही खरं होतं. वाळू झटकून, फ्रॉकच्या ओच्यात घालून, आठच्या आठ आणून दिले होते, आणि थोरलीनं ते मोजून घेतले होते. मोजल्याशिवाय काही घ्यायचं नाही हा तिचा स्वभाव, आणि सगळ्या घराला तो माहीत होता. पोरगी तिच्याकडे बघत राहिली. काकू सांगेल म्हणून.

"दिलेस गं," थोरली म्हणाली, "पण मी मोजले नव्हते."

झालं. पुढचं सगळं पाच मिनिटांत उरकलं. सासूबाई म्हणाल्या, आठव नीट. पोरगी म्हणाली, दिले. सासूबाई म्हणाल्या, खोटं बोलू नकोस. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांच्या हातची वस्तू आणि आपल्या पोरीनं घालवावी! तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसरा घातला. तिसरा घालायच्या आत पोरगी म्हणाली, "हो."

"कुठे टाकलंस?"

पोरीनं इकडेतिकडे बघितलं आणि अंगणातल्या गटाराकडे बोट केलं. पाच वर्षांच्या मुलीला तेवढंच सुचलं, एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांना हवं असलेलं उत्तर देण्यासाठी.

थोरलीच्या नवऱ्यानं बाह्या वर केल्या, गटाराची जाळी काढली, पोटावर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. एक चमचा मिळाला, एक बाटलीचं बूच मिळालं. पाऊण तास तो गाळ उपसत होता. थोरलीनं नंतर त्याच्या हातावर गरम पाणी घातलं, दोनदा साबण लावला. नखांतली घाण काढायला मलमाची तीच सुरी आणली. तो हसत म्हणाला, "पोरगी आहे गं. तिला कुणी काही बोलू नका आता."

साचे सात राहिले. धाकटीच्या बाजूनं एक हरवलं, म्हणून सासूबाईंनी चार थोरलीला दिले आणि तीन धाकटीला. म्हणजे थोरलीचे झाले पाच. आणि त्या दिवसापासून पोरीचं नाव पडलं वेंधळी.

थोरलीला वाटलं होतं, एखाद वर्ष जाऊ द्यावं, मग अडगळीत सापडलं म्हणावं. पण अडगळीत सापडलं म्हटलं तर गटार खोटं ठरतं, आणि गटार खोटं ठरलं तर पोरगी पहिल्यांदा जे म्हणाली तेच खरं उरतं. म्हणून पुढच्या वर्षी. मग त्याच्या पुढच्या. वापरायचं म्हटलं तर तेही शक्य नाही. बिस्किटं काही घरात बसून राहत नाहीत, डब्यातून अकरा घरं फिरतात, आणि अकराही घरं मोजणारी. एकदा भर दुपारी, नवरा बाहेर गेलेला असताना, तिनं दार लावून एकच पाखरू केलं. भाजलं, पांढऱ्या आयसिंगची किनार काढली, डोळा काढला, आणि ओट्याशी उभ्याउभ्या शेपटीसकट खाऊन टाकलं. चव बिस्किटाचीच होती. पुन्हा केलं नाही.

छत्तीस वर्षं दर डिसेंबरात ती पुडी उघडायची, साच्याला तेलाचा हात लावायची आणि पुन्हा चारी टोकं दुमडायची. सासूबाई गेल्या. धाकटा दीर गेला. नवरा गेला, तोही तिला न विचारता, झोपेत. त्याला तरी सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू, जेवण झाल्यावर सांगू. अशा गोष्टी जेवण झाल्यावर सांगायच्या नसतात, आधीच सांगायच्या असतात. जेवण झालं की माणूस वर्तमानपत्र घेऊन बसतो.

गेल्या मार्चात धाकटी आजारी पडली आणि उठली नाही. थोरली दोन आठवडे रोज जात होती. दोघी जावांचं बरं होतं तसं. लांब राहिलं की बरं राहतं. एका सकाळी धाकटी म्हणाली, "जाऊबाई, माझ्यामागे तिच्याकडे लक्ष ठेवा हो. वेंधळी आहे. घराची किल्लीसुद्धा मी शेजारी ठेवायला सांगितलीय, तिच्याजवळ नको."

थोरलीच्या तोंडाशी आलं होतं. पुढचं वाक्य तिनं कितीदा घोकलं होतं. पण खोलीत नर्स आली, नाडी बघू लागली, आणि थोरलीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. नर्स गेल्यावर धाकटीला झोप लागली होती. थोरली पुढे कित्येक महिने नर्सला दोष देत होती. बिचारी नर्स मोजून दोन मिनिटं होती खोलीत.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी वेंधळीचा फोन आला.

"काकू, या वर्षी बिस्किटं तुझ्याकडे करू या का? आईचे तीन साचे आहेत माझ्याकडे. तुझे चार. एकदा तरी सगळे एका टेबलावर."

ना म्हणायला कारण नव्हतं. होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

वेंधळी आता एकेचाळीस वर्षांची. दंतवैद्यांसाठी दात बनवते, कवळ्या, टोप्या, तारा. केसाएवढा फरक पडला तर माणसाला चावता येत नाही, असलं काम. एकटी राहते. तिच्याइतकी व्यवस्थित बाई थोरलीनं उभ्या जन्मात पाहिली नाही. दार ओढून घेतल्यावर तीनदा ढकलून बघते. उठताना पर्स, किल्ली, फोन असं क्रमानं चाचपते. छत्री आणतच नाही. राहील कुठेतरी म्हणून भिजत येते. आणि तरी सगळं घर तिला वेंधळी म्हणतं, तीही त्या हाकेला ओ देते.

रविवारी सकाळी दहाला ती आली. टेबलावर कागद पसरले. थोरलीनं लोणी आणि साखर घोटून ठेवली होती; मैदा वजन करून घातला. वेंधळीनं तीन साचे मांडले: घंटा, मेणबत्ती, घर. थोरलीनं चार मांडले.

"हा देवदूत ना?" वेंधळीनं विचारलं. "लहानपणी मला वाटायचं छत्री आहे."

"सगळ्यांनाच वाटायचं. तू एकटीच मोठ्यानं म्हणायचीस."

दोघी हसल्या. मग वेंधळीनं पिशवीतून रुमाल काढला, उलगडला आणि आठवा साचा टेबलावर ठेवला.

"काकू, रागावू नकोस. हे मी केलंय. पट्टी आणली आणि कामावरच्या पक्कडीनं वाकवली. मूळचं मी घालवलं ना. आई असतानाच करायचं होतं, पण प्रत्येक वेळी वाटायचं, आता कशाला तो विषय काढा." ती साचा बोटानं सरळ करत राहिली. "आठवणीतून केलंय. शेपूट अशीच होती ना?"

दोन खाचा होत्या.

"अशीच," थोरली म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुकानातल्यासारखा वाटला, गिऱ्हाइकाला 'पर्यायी औषध चालेल' सांगताना काढायची तसा.

लाटणं सुरू झालं. तीन ताटं ओव्हनमध्ये गेली. घर लोण्याच्या वासानं भरून गेलं. थोरलीनं अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून आयसिंग केलं, अर्धं दाट किनारीसाठी, अर्धं पातळ आत भरायला. बटरपेपरचे कोन वळले. वेंधळीचा हात बघण्यासारखा होता. कोनाचं टोक बिस्किटाला न टेकवता ती वरून दोरा सोडल्यासारखी रेघ सोडायची आणि मेंढीच्या अंगावर लोकर उमटायची. पण तिच्या पाखराची शेपूट मात्र साच्यात राहिली. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"बघ, माझ्या हाती पाखरू टिकतच नाही," ती म्हणाली. "तू कशी काढायचीस? आई म्हणायची, काकूला जादू येते."

"जादू कसली. गार करावं लागतं. आण इकडे."

थोरलीनं कागद फ्रिजमध्ये ठेवला. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. वेंधळी खुर्चीवर बसली, हातावरचा मैदा झटकला.

"गंमत सांगू? टाकलं कसं ते मला आठवत नाही, पण आवाज आठवतो. गटारात पडताना टण् झालं आणि मग बुळूक. लहानपणी बरेच दिवस वाटायचं की मी तुझ्याकडे दिलं होतं. सगळे मोजून. मग मोठी झाले तसं ते पुसट झालं आणि आवाज पक्का झाला. अजून कधीकधी काही हातात धरलं की ऐकू येतो. महागाचं काही असलं की जास्त."

थोरली ओट्याला पाठ लावून उभी होती.

"आईच्या कुड्या वहिनीकडे गेल्या," वेंधळी सहज म्हणाली, "ठीकच झालं. आई म्हणाली होती, वेंधळीकडे नको. मी मागितल्याही नाहीत. खरंच हरवल्या असत्या तर?"

वजनांच्या पेटीची फळी थोरलीच्या डोक्यापासून दोन हात लांब होती. थोरली स्टुलावर चढली. एक्काहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढू नये, वेंधळी "अगं, मी देते" म्हणत उठलीही, पण तोवर पेटी खाली आली होती. थोरलीनं ती टेबलावर ठेवली, वजनं बाजूला केली आणि पुडी काढून वेंधळीच्या पुढ्यात सरकवली.

"काय आहे?"

"उघड."

वेंधळीनं चारी टोकं एकेक करून सोडली. कागद पिवळा पडून करकरीत झाला होता. साचा निघाला. तेल लावून लावून काळपट झालेला, पण एक बारीकसा गंज सोडला तर जसाच्या तसा.

वेंधळीनं स्वतः केलेला साचा उचलला आणि त्याच्याशेजारी धरला, कामावर दात ताडून बघतात तसा.

"तीन होत्या तर," ती म्हणाली.

"तू मला आठ आणून दिलेस. मी मोजून घेतले. मग मी हे लपवलं." थोरलीनं एका दमात सांगितलं. घोकलेलं लांबलचक वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "तुझ्या आईनं हे उचललं असतं, म्हणून. बाकी काही कारण नाही. होतं, पण ते कारण म्हणण्यासारखं नाही."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"काकांना?"

"नाही."

"म्हणजे काकांनी गटारात हात घातला तेव्हा..."

"हो."

"तू गरम पाणी आणलंस. मला आठवतंय ते." वेंधळीनं साचा खाली ठेवला. रडली नाही. थोरलीला ती रडली असती तर बरं वाटलं असतं. रडणाऱ्या माणसाला पाणी तरी देता येतं. "मग तो आवाज कसला गं काकू?"

एवढ्या वर्षांत थोरलीनं सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, या एकाची नाही.

"मला माफ कर असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तेवढी लाज आहे मला. काय करू ते सांग. म्हणशील ते करते."

वेंधळी उठली. फ्रिज उघडून कागद बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"डबे अजून अकराच जातात ना?"

"दहा. तुझ्या आईचा नाही या वर्षी."

"दहा. प्रत्येकात एक घाल. या साच्याचं. चिठ्ठी नको, काही नको. लोक मोजतातच. विचारतील. विचारलं की सांग." तिनं हात धुतले, पुसले. "मी कुणाला सांगणार नाही. मी छत्तीस वर्षं सांगितलं, मी घालवलं म्हणून. आता तू सांग."

आईचे तीन साचे तिनं टेबलावरच ठेवले. स्वतः केलेला दोन खाचांचा मात्र रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. दाराशी थांबून चाचपलं: पर्स, किल्ली, फोन. थोरली "उरलेली उद्या रंगवू का?" म्हणाली, त्यावर "बघते" म्हणून ती गेली. तिनं 'बघते' म्हटलं की येत नाही, हे थोरलीला माहीत होतं. दार बाहेरून तीनदा ढकलल्याचा आवाज आला.

थोरलीनं पाखरं कापायला घेतली. हात पूर्वीचा राहिलेला नाही. पहिल्या सहांच्या शेपट्या गेल्या. सुरी तीच, मैदा तोच, बाजूही शेपटीचीच. पुन्हा गोळा मळला, पुन्हा गार केला. दुपारपर्यंत दहा झाली, त्यातली दोन आयसिंगनं सांधलेली. सांधे दिसत होते. दिसू देत, म्हणून तिनं वर रंग चढवला नाही.

डबे वाटायला दोन दिवस लागले. शेजारी नवे होते, त्यांना पाखराचं काय माहीत? वा वा म्हणून त्यांनी दार लावलं. मावशी, त्या मेंढीवाल्या, नव्वद वर्षांच्या झाल्यात पण मोजायचं सोडलेलं नाही. डबा उघडून बोट फिरवत त्यांनी आकडा लावला आणि मान वर केली.

"पाखरू? अगं, ते हरवलं होतं ना? कुठे होतं?"

"माझ्याकडे," थोरली म्हणाली.

"आं?"

मावशींना कमी ऐकू येतं. थोरलीनं दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं, "माझ्याकडेच होतं! मी लपवलं होतं!" समोरच्या दारातली बाई कचऱ्याची बादली हातात धरून तशीच उभी राहिली. मावशींनी पाखराची शेपूट मोडून तोंडात टाकली आणि टीव्हीकडे वळल्या. "बरं झालं सापडलं," त्या म्हणाल्या.

म्हटलं तर एक सांगून झालं, म्हटलं तर नाही. जिला सांगायचं होतं तिचा डबा तर कमीच झाला होता. बाकी सगळी घरं फिरून काय साधणार, असंही जिना उतरताना तिच्या मनात आलं. पण शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वेंधळीच्या भावाची बायको. ती कुड्यांवाली.

"काकू, डबा मिळाला हो. फार सुंदर. आणि पाखरू! हे तर उडालेच बघून. म्हणाले, हेच ते, आजोबांचं. शेपटीच्या खाचा मोजल्या त्यांनी. सापडलं कुठे हो एवढ्या वर्षांनी?"

"सापडलं नाही. हरवलंच नव्हतं. मी लपवून ठेवलं होतं."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"म्हणजे... पण वन्संनी तर ते गटारात..."

"नाही," थोरली म्हणाली. "तिनं आठच्या आठ माझ्या हातात दिले होते. मी मोजून घेतले होते."